अतिभार : कामाच्या ठिकाणचा ताण आणि त्याचे निवारण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



‘ताण’ हा शब्द मराठीत जुना आहे. परंतु पूर्वी तो माणसापेक्षा वस्तूंना अधिक लावला जात असे. मागावरच्या सुताला ताण असे, तंबूच्या दोरीला असे, तंबोऱ्याच्या तारेला असे. इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ या शब्दाची कथाही अशीच आहे. लोखंडी तुळईवर किती भार टाकला असता ती वाकेल, याचा हिशेब करणाऱ्या अभियंत्यांच्या परिभाषेतला हा शब्द पुढे वैद्यकात रूढ झाला. तो तेथे रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाला दिले जाते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काम करीत असताना ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा अगदी भिन्न आघातांना तोंड देणाऱ्या उंदरांच्या शरीरात एकाच प्रकारची पडझड होते, असे त्यांना आढळले होते. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, रोगप्रतिकारासाठी आवश्यक अशी थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. शरीर प्रथम सावध होते, मग प्रतिकार करीत राहते आणि आघात थांबलाच नाही तर अखेर थकून हार मानते, असा क्रम सेल्ये यांनी मांडला.

तुळई वाकली तर अभियंता तिला खंबीर होण्याचा उपदेश करीत नाही. तिच्यावर किती भार टाकला होता, हे तो पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र उलटे घडते. नोकरीत खचलेल्या तरुणाला ‘मन घट्ट कर’, ‘आमच्या वेळी याहून अधिक काम होते’ असे सांगितले जाते. भार कोणी टाकला, किती टाकला आणि तो उतरविणे कोणाच्या हातात आहे, हे प्रश्न बाजूलाच राहतात. आजच्या विषयाचा विचार या प्रश्नांपासून सुरू करणे अधिक योग्य ठरेल. व्यापारी समाजाच्या सभेत तर ते अधिकच आवश्यक आहे, कारण येथे नोकरी करणारे बसले आहेत तसे नोकरी देणारेही बसले आहेत.

ताण मुळात शत्रू नव्हे. संकट समोर येताच अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर वाढते, पचन मंदावते. शरीर पळण्यास किंवा लढण्यास सज्ज होते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. कार्यालयातील संकट मात्र टळत नाही. तेथे पळता येत नाही आणि लढताही येत नाही. साहेबाच्या एका संदेशाने सुरू झालेली ही शारीरिक सज्जता रात्री अंथरुणावरही उतरत नाही. कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक दीर्घकाळ चढे राहिले की झोप बिघडते, रक्तदाब वाढतो, पोटाचा घेर वाढतो, मधुमेहाला वाट मिळते. पुढचे निदान कुटुंबाच्या डॉक्टरांकडे होते आणि दोष बहुधा आहाराला किंवा आनुवंशिकतेला दिला जातो.

या हानीचे मोजमाप झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात आणि हृदयविकार यांनी मृत्यू पावली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत या माणसांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. यातील बहुतेक मृत्यू साठ ते एकोणऐंशी या वयोगटातील होते. कामाचा अतिरेक त्यापूर्वीच, पंचेचाळीस वर्षांच्या वयानंतर केव्हातरी झालेला होता. देयक उशिरा येते, म्हणून ते कोणत्या खरेदीचे आहे हे लक्षात येत नाही.

पंचावन्न तास हा आकडा ऐकून तो मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असे वाटण्याचा संभव आहे. त्यासाठी पेठेतल्या दुकानाचा हिशेब करून पाहावा. सकाळी साडेनऊला दुकान उघडणारा आणि रात्री साडेआठला शटर ओढणारा नोकर, जेवणाचा एक तास वगळला तरी, सहा दिवसांत ६० तास काम करतो. लग्नसराईत आणि दिवाळीत तो तासही पुरता मिळत नाही.

ताणाविषयी एक समज सर्वत्र दृढ आहे, तो असा की, सर्वांत अधिक ताण मालकाला किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याला असतो, कारण जबाबदारी त्याची असते. हा समज तपासण्याची संधी इंग्लंडमध्ये मिळाली. लंडनमधील सरकारी नोकरांचा आरोग्यविषयक अभ्यास १९६७ साली सुरू झाला. ज्या भागात ही कार्यालये आहेत त्यावरून तो ‘व्हाइटहॉल अभ्यास’ या नावाने ओळखला जातो. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात असे दिसले की, हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण शिपाई, निरोपे अशा सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. यांपैकी कोणी उपाशी नव्हते, बेकार नव्हते. सर्वांना पक्की सरकारी नोकरी होती. धूम्रपान, रक्तदाब यांचा वाटा वजा केला तरी बराच फरक शिल्लक राहत होता. म्हणून १९८५ पासून दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास हाती घेण्यात आला. त्यातून पुढे आलेले एक मोठे कारण म्हणजे स्वतःच्या कामावर स्वतःचा अधिकार नसणे. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्येच हे सूत्र मांडले होते. कामाची मागणी मोठी आणि निर्णयाची मोकळीक थोडी, अशी जोडी जुळली की ताण शरीराला पोखरू लागतो. मागणी मोठी असूनही मोकळीक असेल तर तेच काम माणसाला उमेद देऊ शकते.

मालकाला चिंता नसते असा याचा अर्थ नाही. बँकेचे हप्ते, उधारीची वसुली, जीएसटीची विवरणपत्रे, ऑनलाइन विक्रीशी स्पर्धा हे सारे खरे आहे. परंतु चहा केव्हा प्यायचा, मुलीच्या शाळेत केव्हा जायचे, डोके दुखत असताना घरी जायचे की नाही, हे मालक ठरवितो. नोकराला यांतील प्रत्येक गोष्टीसाठी विचारावे लागते. आणि विचारण्याची भीती हीच अनेकदा कामापेक्षा जड असते.

अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे. १९६९ साली तेथे एका वृत्तपत्राच्या वितरण विभागातील २९ वर्षांच्या कर्मचाऱ्याचा पक्षाघाताने मृत्यू झाला, ती या प्रकारची पहिली नोंदली गेलेली घटना मानली जाते. त्यानंतर अनेक विधवांनी आणि आईवडिलांनी न्यायालयांचे उंबरे झिजविले. कारोशी रोखण्यासाठीचा कायदा जपानने २०१४ मध्ये केला, म्हणजे त्या मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. जादा कामाच्या तासांवर दंडासह मर्यादा त्यानंतर, २०१९ पासून लागू होऊ लागल्या. कष्टाळूपणाचा अभिमान बाळगणारा समाज त्याच्या अतिरेकाकडे किती काळ डोळेझाक करू शकतो, हे यावरून दिसते. हा अभिमान व्यापारी घराण्यांनाही परका नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न घराघरांत बोलला गेला तो २०२४ मध्ये. पुण्यातील एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत रुजू होऊन चार महिने झालेल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीचा त्या वर्षी जुलैत मृत्यू झाला. कामाचा असह्य भार हेच कारण आहे, असे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहून कळविले आणि सप्टेंबरमध्ये ते पत्र सर्वत्र वाचले गेले. संस्थेच्या प्रमुखांनी हा संबंध मान्य केला नाही. केंद्रीय श्रम मंत्रालयाने चौकशी करण्याचे जाहीर केले. एखाद्या मृत्यूचे कारण निश्चित करणे हे वैद्यकाचे आणि न्यायालयाचे काम आहे. परंतु ते पत्र वाचून अनेक आयांनी आपल्या मुलामुलींना फोन करून ‘रात्री किती वाजता जेवलास, किती वाजता जेवलीस’ असे विचारले असेल. ज्या समाजात दर दोन-चार घरांआड एक मूल सीएची परीक्षा देत असते, तेथे तर नक्कीच. सीए होणे हे ज्या घरात स्वप्न असते, त्या घरात ‘हे काम मला झेपत नाही’ असे म्हणण्यासाठीही धैर्य लागते, ही गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी.

निवारणाचा विषय निघाला की सर्वप्रथम योगवर्ग, ध्यानशिबिर, मोबाइलवरील मनःशांतीची अ‍ॅप्स आणि प्रस्तुत व्याख्यानासारखी व्याख्याने पुढे येतात. यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्यांची मर्यादा ओळखावी. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला. मनःस्वास्थ्याचे वर्ग, खंबीरपणाचे प्रशिक्षण, अ‍ॅप्स अशा कार्यक्रमांत भाग घेणारे कर्मचारी, भाग न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे त्यांना आढळले नाही. अपवाद दिसला तो सेवाकार्यात भाग घेण्याची संधी मिळालेल्यांचा. याचे कारण समजण्यास अवघड नाही. कामाची रचना जशीच्या तशी ठेवून माणसाला तेवढे दुरुस्त करू पाहणारा उपाय भाराला हात लावत नाही.

या ठिकाणी जैन आचारशास्त्रातील एक तपशील आठवणे उचित होईल. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. प्राण्याला बांधून ठेवणे, मारहाण करणे, त्याचे अवयव छेदणे हे तीन सर्वांच्या लक्षात असतात. उरलेले दोन मात्र पाठांतरातच राहून जातात. ते म्हणजे अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पेलण्यापेक्षा अधिक ओझे लादणे आणि खाण्यापिण्यापासून अडविणे यांची गणना थेट हिंसेच्या प्रकरणात केलेली आहे. आणि त्यांचे विवरण करताना जनावरांबरोबर माणसांचाही उल्लेख होतो. ताणाच्या आधुनिक शास्त्राने विसाव्या शतकात जे प्रयोगाने सिद्ध केले, ते प्राचीन आचार्यांना ठाऊक होते, असा दावा करण्याचा मोह येथे टाळावा. त्यांना कॉर्टिसॉल ठाऊक नव्हते. भार हा टाकणाऱ्याच्या खाती लिहावयाचा असतो, एवढे त्यांनी स्वच्छ पाहिले होते आणि तेवढे पुरेसे आहे.

अंगावरच्या ओझ्याच्या बाबतीत हा हिशेब मार्केट यार्डात काही अंशी झाला. एकेकाळी क्विंटलभराचे पोते हमालाच्या पाठीवर देणे यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने हमालांच्या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी दीर्घ लढा दिला. त्या वेळी अडत्यांमध्ये कुरकूर झाली. परंतु पोती लहान झाल्याने व्यापार बुडाला नाही. पोत्याचे वजन काट्यावर दिसते, म्हणून त्याची मर्यादा ठरविता आली. महिनाअखेरच्या टार्गेटचे, रात्री अकरा वाजता दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येणाऱ्या ‘उद्या लवकर या’ या आज्ञेचे, गिऱ्हाइकांसमोर झालेल्या अपमानाचे वजन कोणत्या काट्यावर करावयाचे? तेथे मालकाच्या विवेकाखेरीज दुसरा काटा नाही.

अन्नपाननिरोधाचा विषय तर आणखी घरचा आहे. चौविहाराचा कटाक्षाने नियम पाळणारी, सूर्यास्तापूर्वी ताटावरून उठणारी कुटुंबे या समाजात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या दुकानांत नोकराचा डबा दुपारी साडेतीनला उघडतो, कारण तोवर गिऱ्हाईक हटत नाही. रात्री नऊला सुटून दहाला घरी पोहोचल्यावर तो जेवतो. येथे कोणी मुद्दाम क्रौर्य करीत नाही. लक्ष गेलेले नसते, इतकेच. जेवणाची वेळ पाळीपाळीने ठरवून भिंतीवर लिहून लावली, तर एक रुपयाही खर्च न होता दुपारचा अर्धा ताण हलका होईल. कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी स्टूल ठेवणे ही अशीच एक गोष्ट. केरळमध्ये दुकानांतील स्त्रियांनी त्यासाठी आंदोलन केले. तेथे २०१८ मध्ये आणि तामिळनाडूत २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय करणे कायद्याने बंधनकारक झाले. बसण्यासाठी कायदा करावा लागावा, हे व्यापाराला भूषणावह नाही.

साप्ताहिक सुटीही अशीच मागून, भांडून मिळालेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून ही मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. त्यापूर्वी गिरण्या बंद ठेवणे अशक्य आहे असे मालक सांगत असत. आज तेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकू येते. रविवारी फोन बंद ठेवणे अशक्य आहे, असे म्हणतात. फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या कर्मचाऱ्यांच्या हक्काविषयी वाटाघाटी करणे बंधनकारक केले आहे. पेढीवर त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. रात्री आठनंतर गटावर संदेश टाकावयाचा नाही, सुचलेली गोष्ट वहीत लिहून ठेवावयाची आणि सकाळी सांगावयाची, एवढा नियम मालकाने स्वतःला घालून घेतला तरी दहा घरांतील रात्री शांत होतील.

स्वतः नोकरीत असलेल्या आणि कामाची रचना बदलण्याचा अधिकार नसलेल्या तरुणांसाठीही थोडे सांगणे अवश्य आहे. जर्मनीतील मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांच्या संशोधनाचा गाभा असा की, काम संपल्यावर माणूस मनाने कामापासून किती सुटतो, यावर त्याचा थकवा भरून निघणे अवलंबून असते. शरीर घरी आणि मन कार्यालयात, या अवस्थेत विश्रांती घडत नाही. जैन परिभाषेत या घोळत राहण्याला आर्तध्यान म्हणतात. नकोशा गोष्टीची गाठ पडली असता तिच्यापासून सुटका कशी होईल याचे अखंड चिंतन हा त्याचा एक प्रकारच सांगितलेला आहे. उद्याच्या बैठकीच्या विचाराने रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडणाऱ्यास याची निराळी ओळख करून देण्याची गरज नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाचा येथे व्यावहारिक उपयोग आहे, तो असा की, त्याला आरंभ आहे, शेवट आहे, ठरलेली जागा आहे आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असतो. ज्याला सामायिक जमत नाही त्याने तेवढा वेळ चालावे, पेटी वाजवावी, मुलांशी कॅरम खेळावा. मात्र चौदा तासांच्या कामावर अठ्ठेचाळीस मिनिटांचा उतारा पुरतो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये आणि दुसऱ्याची करून देऊ नये.

आठवड्यामागून आठवडे झोप न लागणे, लहानसहान गोष्टींवर रडू कोसळणे, छातीत धडधडणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे उपदेशाने जात नाहीत. त्यासाठी डॉक्टर हवा. मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्यास स्थळ जमण्यात अडचण येईल, ही कुजबुज समाजातील ज्येष्ठ स्त्रियांनी मनावर घेतली तर एका वर्षात थांबू शकेल, कारण ती त्यांच्याच बैठकीत होते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. हा फोन निःशुल्क आहे आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक स्थानकाच्या, मंदिराच्या आणि वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावण्यास कोणत्याही ठरावाची आवश्यकता नसावी.

शेवटी संस्थांविषयी. पन्नास वर्षे चाललेला कोणताही न्यास हा देवस्थानाबरोबर एक मालकही असतो. पुजारी, मुनीम, भोजनशाळेतील आचारी आणि भांडी घासणाऱ्या बाया, धर्मशाळेचा व्यवस्थापक, रात्रीचा पहारेकरी, शाळा असल्यास तेथील शिक्षक हे सारे न्यासाचे नोकर असतात. पर्युषणाचे आठ किंवा दशलक्षणाचे दहा दिवस समाजासाठी आराधनेचे असतात. याच लोकांसाठी ते वर्षातील सर्वांत मोठ्या कामाचे असतात. पहाटे चारला चूल पेटविणारा आचारी सर्वांचे पारणे उरकेपर्यंत बसत नाही. क्षमापनेच्या दिवशी शेकडो आप्तांना संदेश जातात. या माणसांसमोर जाऊन ते शब्द उच्चारणारे विश्वस्तही आहेत, आणि त्यांची संख्या वाढावी. परंतु त्याबरोबर हजेरीपुस्तक उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. या मंडळींना साप्ताहिक सुटी प्रत्यक्षात मिळते का, त्या दिवसांतील जादा कामाच्या बदल्यात त्यांना रजा किंवा मोबदला दिला गेला का, आणि दिवसभरात त्यांच्या जेवणाची वेळ कोणती. सुवर्णमहोत्सवाच्या खर्चाचा ताळेबंद होईल तेव्हा या तीन नोंदींसाठीही त्यात एक पान राखून ठेवावे.